बोनेटवरचं लाल फडकं

साहेब लोक मी पुष्कळ पाहिले, आणि तेही अगदी जवळून. ठाण्यातल्या खुर्चीत बसलेला साहेब वेगळा आणि जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला वेगळा. खुर्चीत तो सांभाळून बोलतो; जीपमध्ये खड्डा आला की खरा माणूस बाहेर पडतो. कोणाला घोरायची सवय, कोणाला जन्मात स्टिअरिंग न धरता मला गाडी शिकवायची हौस. पण पुसदला असताना जे ठाणेदार साहेब मला लाभले, तसे पुन्हा लाभले नाहीत. तसे आणखी दोन लाभले असते तर मी वेळेआधीच पेन्शनीत निघालो असतो, हेही खरं.

उंच, वाळके, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. तोंडात सदा बडीशेप. टोपी इतकी घट्ट की काढली तरी कपाळावर तिचा वळ राहायचा. माझे अब्बा पुसदला ट्रक दुरुस्त करायचे, म्हणून साहेब मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत, "मिस्त्री" म्हणत. रोज सकाळी मी जीप पुसून दारात उभी केली की त्यांचा पहिला शब्द असायचा, "लायसन?"

पहिल्या दिवशी मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "साहेब, काल दाखवलं ना मी."

"काल होतं, हे मी काल पाहिलं. आज आहे काय?"

पोलिसाच्या गाडीच्या ड्रायव्हरला कोण लायसन विचारतं? सगळ्या जिल्ह्यात हा एकच माणूस विचारत होता. पुढे पुढे मी ते वरच्या खिशात ठेवू लागलो आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पुढे करू लागलो. तेव्हा ते दोन्ही बाजूंनी बघून परत करायचे आणि मगच बसायचे.

तो काळच विचित्र होता. नागपूरचं राज्य जाऊन आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो, आणि पुढे थोड्याच वर्षांत महाराष्ट्र झाला. पाट्या बदलत होत्या, कागदांचे मथळे बदलत होते, आणि ठाण्यातला जो तो विचारत होता की आता नियम कुठले लागू. साहेब शांतपणे बडीशेप चावत म्हणाले, "राज्य कोणतंही येऊ द्या. बैलाला ब्रेक नसतो, आपल्याला आहे. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप पाळले जातात."

आता त्या फडक्याची गोष्ट.

मोटारीच्या कायद्यात पोलिसांना सूट असते. कामावर निघालेली पोलिसांची गाडी वेगाची मर्यादा ओलांडू शकते, रस्ता मागू शकते. खात्यात शिरलेल्या माणसाला बाकी कायदा उशिरा समजतो, पण ही सूट पहिल्याच दिवशी पाठ होते. आमच्या साहेबांच्या आधीच्या ठाणेदारांना ती इतकी पाठ होती की कुठे कोंबडीचं जेवण असलं तरी हॉर्न वाजवत, बैलांच्या बंड्या कडेला लावत आम्ही सुसाट निघायचो. मी चालवणारा. मला तर मजाच वाटायची.

नवे साहेब आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात फुलसावंगीहून निरोप आला की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कुऱ्हाडी निघाल्या आहेत. आम्ही निघालो. कापसाचे दिवस, रस्ताभर कापसानं भरलेल्या बंड्या. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, पण पुढची बंडी काही हटेना. साहेब उतरून पुढे गेले. बंडीवर फुलसावंगीचाच देवराव बुढा, चिलीम ओढत निवांत बसलेला.

"बाबा, रस्ता काहून देत नाही?"

"कायले देऊ? मांगच्या साहेबाच्या टायमाले अशीच बोंबलत आली हे गाडी. मी बंडी रस्त्याखाली घातली, बैलाचा पाय मुरगळला. मंग समजलं का साहेब जेवाले चाललते." बुढ्यानं चिलीम खाली ठेवली. "तुमची कोनती घाई खरी अन् कोनती खोटी, हे मले कसं समजन? तुम्हीच सांगा."

दुसरा कोणी असता तर बुढ्याच्या पाठीत काठी बसली असती. साहेब बंडीला हात टेकून बुढ्याच्या समोर उभे राहिले. मग म्हणाले, "आजची खरी आहे. तुझ्याच गावात कुऱ्हाडी निघाल्या आहेत." बुढ्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंडी बाजूला घेतली. आम्ही वेळेवर पोचलो, कोणाचं डोकं फुटलं नाही.  परत येताना पुसदच्या वेशीवर साहेब म्हणाले, "म्हातारा बरोबर बोलला, मिस्त्री. सूट कामाला आहे. आपल्याला नाही."

घरी जाऊन त्यांनी बाईसाहेबांकडून एक लाल कापड मागून घेतलं. जुन्या लुगड्याचा तुकडा होता; बाईसाहेबांनी त्याला चारी बाजूंनी शिवण घातली, दोन नाड्या लावल्या. आणि बाजाराच्या दिवशी साहेबांनी दवंडी पिटवली.

"ऐका हो! पोलिसाच्या जीपगाडीले म्होरं लाल फडकं असन, तर बंड्या बाजूले घ्या! फडकं नसन, तर कोनी हटू नका! साहेब असो का साहेबाचा बाप असो, तुमच्या मांगं मांगं यीन!"

बाप हा दवंडीवाल्यानं पदरचा घातलेला होता. मला वाटलं आता त्याची धडगत नाही. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बापाचं मी सांगितलं नव्हतं. पण बरोबर आहे. पुढच्या बाजारीही तसंच म्हण."

तेव्हापासून माझ्या आयुष्याचा बट्ट्याबोळ झाला. कामावर निघालो की बोनेटवर फडकं बांधायचं आणि गाडी सोडायची. तेव्हा मी जशी गाडी चालवायचो तशी त्या भागात कोणी चालवत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तरी शाळा आली की साहेबांचा हात माझ्या खांद्यावर पडायचा. "सूट वेगाची आहे, आंधळेपणाची नाही." पण काम संपलं, की संपलं त्याच जागी गाडी थांबवायची. पंचनामा आटोपून आम्ही जंगलातल्या रस्त्याला लागलो की म्हणायचे, "ड्युटी झाली. उतरव." मी खाली उतरून नाड्या सोडायचो. आणि मग सरकारची जीप, तिच्यात ठाणेदार, त्यांच्या शेजारी जिल्ह्यातला नंबर एकचा ड्रायव्हर, असे आम्ही बैलांच्या शेपट्या मोजत पुसदपर्यंत यायचो. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. पोरं बंडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसलेली असायची आणि आमच्याकडे बघून दात काढायची.

"फडकं नाही वाटते, ड्रायवरसाहेब? मंग या सावकाश!" असं म्हणत बंडी हाकणारे धुरकरी मुद्दाम बैल हळू करायचे. मी दात ओठ खायचो. साहेबांना मात्र त्यात कसला आनंद व्हायचा देव जाणे. "बघ, दवंडी पोचली," म्हणायचे.

आणखी एक होतं. फडकं बांधलेलं असताना जी बंडी वाट देईल, तिला साहेब सलाम करायचे. असातसा नाही, टोपीला बोटं लावून, पाठ ताठ करून, वरच्या अधिकाऱ्याला करतात तसा. सुसाट गाडीतून एकामागून एक सलाम. सुरुवातीला धुरकऱ्यांना वाटलं साहेबाच्या डोक्यात काही तरी फिरलंय. मग त्यांनाही सवय झाली. बंडी खाली घातली की धुरकरी अंगावरचा दुपट्टा नीट करून ताठ बसायचा आणि सलामाची वाट बघायचा. एखादा सलाम चुकला तर पुढच्या बाजारी तक्रार यायची, आणि साहेब ती ठाण्यात उभ्यानं ऐकून घ्यायचे.

बाईसाहेब या जीपमध्ये कधीच बसल्या नाहीत. बाजारातून भाजीची पिशवी घेऊन उन्हातून पायी यायच्या. आमची जीप शेजारून गेली की मोठ्यानं म्हणायच्या, "पाहा बाप्पा! माह्या लुगड्याचा तुकडा जीपमध्ये हिंडून राह्यला, अन् मी पायी!" रस्त्यावरचे लोक हसायचे. साहेब सरळ समोर बघायचे, पण कान लाल झालेले मला दिसायचे. त्या मात्र नवऱ्यावर कधी रागावलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या माणसाशी संसार कसा करायचा हे त्यांना बरोबर समजलं होतं.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण एक बडे अधिकारी आले. कुठून आले आणि खातं कोणतं, ते मी सांगणार नाही. महागावच्या बाजूला त्यांना काहीतरी बघायचं होतं, ते बघून झालं, आणि दुपारी पुसदला एका शेठजींच्या घरी त्यांचं जेवण होतं. परतीच्या वाटेवर ते आमच्या जीपमध्ये पुढे बसले, साहेब मागे. समोर कापसाच्या बंड्यांची रांग, मी तिच्या मागे.

"हॉर्न वाजव," अधिकारी म्हणाले.

मी आरशातून साहेबांकडे पाहिलं.

"सर, फडकं नाही," साहेब म्हणाले.

अधिकाऱ्यांना फडक्याची कीर्ती कोणी तरी सांगितलेली होती. "मग बांधा ना ते!"

"ड्युटी कोणती, सर?"

"मी इथे आहे हीच ड्युटी!"

साहेबांनी फडकं उचललं, घडी केली आणि खिशात घातलं. आवाज जराही चढला नाही. "सर, आज मी हे जेवणासाठी बांधलं, तर हे लोक हटतील. त्यांना खरं वाटेल. शेठजींच्या दारात तुम्ही उतरताना त्यांना खोटं समजेल. मग उद्या कुठे कुऱ्हाडी निघाल्या तर कोणी हटणार नाही. तिकडे माणूस मरेल."

पुढे आम्ही बैलांच्या चालीनं पुसदला गेलो.  जेवण पार गार झालं होतं असं नंतर शेठजींच्या स्वयंपाक्यानं मला सांगितलं, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं.

बदलीचा हुकूम आला तो चांद्याच्या जंगलातला. सगळ्या ठाण्याला कारण माहीत होतं. मला राहवलं नाही. "साहेब, एक डाव बांधलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तू मिस्त्रीचा पोरगा ना? ब्रेक एक डाव लागला नाही तर काय बिघडतं?"



नव्या ठाणेदारांकडे चार्ज दिला त्या सकाळी साहेबांचं पोट दुखत होतं. आदल्या दिवसापासूनच दुखत होतं, पण चार्ज अर्धा राहायला नको म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. ओवा खात कागद करत राहिले. मी सामान बांधायला घरी गेलो तर ते ट्रंकेवर वाकून बसलेले, चेहरा पांढरा फटक. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि बाईसाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले की अपेंडिक्स आहे, फुटायला आलं आहे, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात दुपारच्या आत पोचलं पाहिजे. फुटलं तर मग हातात काही नाही. नव्या ठाणेदारांनी लगेच जीप दिली.

आम्ही साहेबांना मागच्या बाजूला गादी घालून झोपवलं. बाईसाहेब पहिल्यांदाच त्या जीपमध्ये चढल्या आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी विचारलं, "फडकं कुठं आहे?"

"माझ्या खिशात," साहेब म्हणाले. "आणि तिथंच राहील. मी चार्ज दिला आहे. मी ड्युटीवर नाही."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, गावातला कोणीही असता, तर तुम्हीच बांधलं असतं! मागे त्या साप चावलेल्या बाईला नेलं तेव्हा नव्हतं बांधलं?"

"तिची घाई मी ठरवली होती. माझी घाई मीच कशी ठरवू? प्रत्येक साहेबाला आपली घाई खरीच वाटते, मिस्त्री. त्या जेवणवाल्यालाही वाटत होती."

मी बाईसाहेबांकडे पाहिलं. मला वाटलं त्या तरी खिशात हात घालतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात नवऱ्याच्या कपाळावरच होता. "चाला भाऊ तुम्ही," त्या म्हणाल्या. "ते ऐकनार नाहीत. तुम्ही चाला."

मी सेल्फ मारणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "लायसन?"

मी खिशातून काढून मागे धरलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

गावाबाहेर पडलो आणि महागावच्या रस्त्यावर जे व्हायचं तेच झालं. कापूस टाकून परत जाणाऱ्या रिकाम्या बंड्या माझ्यापुढे, भरलेल्या समोरून येणाऱ्या. अरुंद रस्ता, मध्ये वीतभर जागा नाही. मागे साहेब ओठ चावून पडलेले. खड्डा आला की त्यांच्या घशातून एक आवाज यायचा, तो मी आजही विसरलो नाही. हॉर्नवर हात जात होता आणि मी तो मागे घेत होतो. आयुष्यात मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्याच्यावर इतकी माया कधी आली नव्हती.

माझ्या अगदी पुढची बंडी देवराव बुढ्याची निघाली. त्यानं मान वळवून बोनेटकडे पाहिलं आणि नेहमीसारखा दात काढून म्हणाला, "फडकं नाही वाटते! मंग या मांगं मांगं. कायची घाई हाय?"

"बुढेबुवा, साहेब हायेत मांगं," मी ओरडलो. "पोट फुटून राह्यलं त्याहीचं. यवतमाळले नेऊन राह्यलो."

बुढ्याचं हसू गेलं. "मंग फडकं काहून नाही बांधलं?"

मागून साहेबांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "मिस्त्री, त्यांना सांग. मी ड्युटीवर नाही."

सांगणं भाग होतं. "साहेब म्हणून राह्यले का ते ड्युटीवर नाहीत."

देवराव बुढा बंडीत उभा राहिला. एकदा जीपच्या आत पाहिलं, बाईसाहेबांकडे पाहिलं.

"साहेब नसतीन ड्युटीवर," तो म्हणाला. "आमी हाओ."

आणि त्यानं कासरा ओढून बंडी थेट कापसाच्या शेतात घातली. तिथूनच त्यानं हाक दिली, "ठानेदार हाय गाडीत! बाजूले व्हा रे!" पुढच्यानं ती त्याच्या पुढच्याला दिली. समोरून येणाऱ्यांनी ऐकली, त्यांनी त्यांच्या मागच्यांना दिली. माझ्या जीपच्या पुढे पुढे ती हाक धावत होती, आणि तिच्यामागे रस्ता मोकळा होत होता. रिकाम्या बंड्यांचं ठीक, पण भरलेल्या बंड्यासुद्धा खाली उतरत होत्या. एक तर कलंडली, अर्धा कापूस धुळीत सांडला, आणि तिचा धुरकरी तिकडे न बघता पुढच्याला हाका मारत होता. मी गाडी सोडली. उभ्या जन्मात चालवली नव्हती तशी चालवली.

साहेबांनी कोपरावर भार देऊन मान उचलली. "मिस्त्री, कोणी हटवलं यांना? फडकं बांधलंस?"

"तुम्हीच पाहा, साहेब."

त्यांनी काचेतून पाहिलं. बोनेटवर काहीच बांधलेलं नव्हतं. दोन्ही बाजूंना शेतात बंड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक बंडीवर धुरकरी दुपट्टा नीट करून ताठ बसला होता.

साहेबांचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. टोपी घरी ट्रंकेत राहिली होती. टोपीशिवाय सलाम नाही, हा खात्याचा नियम. दुखण्यानं रडला नाही तो माणूस तेव्हा रडला. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुझी टोपी आहे ना डोक्यावर?"

"आहे साहेब."

"मग तू कर."

डाव्या हातात स्टिअरिंग आणि उजवा हात टोपीला, असा मी आर्णीपर्यंत गेलो. गियर बदलण्यापुरता तेवढा उजवा हात स्टिअरिंगवर यायचा. मागून अधूनमधून आवाज यायचा, "उजवीकडचा राहिला," आणि मी उजवीकडे करायचो.

दुपारच्या आत पोचलो. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की वाचले, आणि बाईसाहेब तिथेच फरशीवर बसल्या. संध्याकाळी मला आत जाऊ दिलं. साहेबांचे ओठ सुकलेले, बोलायला मनाई. तरी त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"सगळ्यांना केलास?"

"सगळ्यांना, साहेब."

"आर्णीच्या अलीकडे एक होती. आंब्याखाली."

"ती उभीच होती साहेब शेतात. बैल सोडलेले. धुरकरी भाकर खाऊन राह्यलता. तिनं काय वाट दिली?"

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"मग?" ते म्हणाले.

"तिलाही केला," मी म्हणालो.